अर्धी वेल

चौसष्ट साली नांदुरा स्टेशनावर एक बेवारस माणूस मेला. त्याच्या झोळीत कोरीव लाकडी चिलीम सापडली. अशा चिलमी मोताळ्याचे पुंजाजी सुतारच करत, म्हणून हवालदार ती घेऊन त्यांच्याकडे आला.

"बाबा, हे कोनाले इकली, आठवते काय?"

पुंजाजींनी चिलमीवरच्या वेलीवरून अंगठा फिरवला. वेल अर्धीच कोरलेली होती आणि पटाशीचे घाव डाव्या हाताचे होते.

"हे मी इकेल नाही, साहेब. अर्धी चिलीम कोन इकत घेते? ज्याच्या झोळीत होती, तोच कोरून राह्यला होता."

"मंग नाव सांगा त्याचं."



"लिहा, त्र्यंबक पुंजाजी सुतार. डाव्या हातानं पटाशी धरते म्हनून मीच पोराले घरातून हाकललं होतं."