गार्गीचा पहिला पगार

"चाखू नगंस, कुंदे. पयलं कणीस देवाचं. त्यानं घेतल्याबिगर आपल्या तोंडाला चव न्हाई." नगरकडच्या बाजरीच्या रानात, कमरेला विळा खोचून आई हे म्हणायची. आई गेली, रान विकलं गेलं. पण अंधेरीच्या चर्चच्या आवारात हंगामाच्या सणाचा मांडव पडला की कुंदाबाईंच्या कानात तो आवाज उठायचाच.

उपासना आटोपली होती. देवापुढं आणून ठेवलेल्या वस्तूंचा आता मांडवात लिलाव चालला होता. पपया, शेवग्याच्या शेंगा, कुणी गच्चीवर पिकवलेली वांगी, पाय बांधलेली एक कोंबडी. बोली जिंकायची, वस्तू घरी न्यायची, पैसा चर्चच्या मंडळीच्या कामाला द्यायचा. बोली पुकारायला सुबोध होता. एरवी बँकेत मान खाली घालून बसणाऱ्या या माणसाची जीभ वर्षातून एकदा, इथंच सुटायची.

मग भोपळा आला. बाजारात ऐंशी रुपयांना मिळाला असता. पण पहिल्या बाकावर एका टोकाला हर्षद बिल्डर आणि दुसऱ्या टोकाला कुंदाबाईंचे यजमान विद्याधर. भोपळा बघता बघता बारा हजारांवर गेला. हर्षदभाऊंचे फ्लॅट यंदा पडून राहिलेले दिसतात, असं सुबोधनं डिवचलं आणि मांडव हसला. हर्षद वीसवर चढला.

"अठ्ठावीस हजार," विद्याधर बसल्या जागेवरून म्हणाले.

हर्षदनं हात जोडले. टाळ्या पडल्या. विद्याधरांनी कोटाच्या आतल्या खिशातून एक पांढरं पाकीट अर्धवट बाहेर काढलं, नोटा तेवढ्या ओढून घेतल्या आणि पाकीट चुरगाळून परत आत सारलं. पण शेजारी बसलेल्या कुंदाबाईंना त्यावरचं लेकीचं अक्षर दिसलं होतं. 'प्रभूसाठी.'

पहिला पगार अख्खा देवाचा, ही त्यांच्या घरातली रीत. गार्गीनं तो बँकेतून काढून आणला, पाकिटात घातला, पाकीट बायबलात ठेवलं. आज अर्पणाच्या थाळीत ती ते गुपचूप टाकणार होती. सकाळी बायबलात पाकीट नव्हतं. आईनं पर्समध्ये घेतलं असेल, असं गार्गीला वाटलं; गार्गीनं घेतलं असेल, असं आईला. थाळी समोरून गेली तेव्हा दोघी एकमेकींकडं बघत राहिल्या होत्या.

"आई, ते माझं होतं," गार्गी पुटपुटली.

"देवालाच गेलं ना," कुंदाबाई म्हणाल्या.

बोलून गेल्या आणि तोंड कडू झालं. गार्गीनं आईच्या हातातला आपला हात हळूच काढून घेतला.

चर्चचे पाळकसाहेब माइकवर आले. विद्याधरभाऊंसारखी देणारी माणसं आहेत म्हणून मंडळी उभी आहे, म्हणाले. नव्या सभागृहाच्या संगमरवरी पाटीवर त्यांचंच नाव सगळ्यांत वर असेल. आणि दरवर्षीप्रमाणं त्यांनी शेवटच्या प्रार्थनेसाठी कुंदाबाईंना पुढं बोलावलं.

सगळे उठले. बायकांनी डोक्यावर पदर घेतले, माना झुकल्या, डोळे मिटले. प्रार्थना चालू असताना इथं कुणी डोळे उघडत नाही, मधे बोलत नाही. लहान मुलंसुद्धा नाहीत.

वर्षानुवर्षं कुंदाबाई त्याच पाच वाक्यांत आभार मानत आल्या होत्या. आज पहिलं वाक्य सरळ आलं.

"हे प्रेमळ स्वर्गीय पित्या, तुझे उपकार मानते."

दुसरं आलंच नाही. माइकमधून नुसता श्वास ऐकू येत राहिला. कुणीतरी मदत म्हणून हळूच 'आमेन' म्हणून पाहिलं.

"बापा," कुंदाबाई म्हणाल्या, "आज ह्यांनी दिले ते पैसे गार्गीचे होते. तिला न विचारता घेतले. पोर बोलायला लागली, तिला मी गप्प केलं."

विद्याधर मोठ्यांदा खाकरले. डोळे मात्र त्यांनाही उघडता येईनात.

"मला पहिल्या बाकावर बसायची गोडी लागलीय, बापा. सहा वर्षांमागं ह्यांनी लिलावात बोकड घेतला, तो माझ्या पाटल्या मोडून. घरातलं बाहेर जाऊ नये म्हणून पाटल्या चोरीला गेल्या असं मीच सांगत सुटले. सपनाचं नाव घेतलं. आमच्याकडं धुणंभांडी करायची, आणि रविवारी इथं, मागं दाराजवळ बसायची. त्यानंतर ती ह्या चर्चची पायरी चढली नाही. तिनं काही घेतलं नव्हतं, बापा. मला माहीत होतं."