बुडबुड्यांची भिंत

वस्तीभोवती बुडबुड्यांची भिंत सुरू झाल्यापासून समुद्रतळावरच्या घरांत जहाजांची घरघर येत नव्हती. त्या सकाळी शेवंती मायेकर कित्येक महिन्यांनी उशिरापर्यंत झोपली. भिंतीपलीकडे नळ दुरुस्त करायला गेलेला तिचा नवरा दुपारी मृत सापडला. त्याचा पाय दगडाखाली अडकला होता आणि बाजूच्या खडकावर हातोड्याचे शेकडो घाव होते.

“पाण्यात आवाज लांबवर जातो, वहिनी,” भिंत सांभाळणारे खोबरेकर म्हणाले. “पण बुडबुड्यांत शिरला की तिथेच विरतो.”

“भिंतीच्या अर्जावर पहिली सही माझीच होती,” शेवंती म्हणाली. “बाळ झोपत नव्हतं.”

“बंद करू का भिंत?” खोबरेकरांनी विचारलं.

शेवंतीने आत पाहिलं. बाळ गाढ झोपलं होतं.