तारीख नसलेलं पाकीट

सकाळी सव्वादहाला फोन वाजला, तेव्हा चिखलदऱ्यात गोमाजी आपल्या मळ्यातल्या कॉफीच्या भाजलेल्या बिया पाकिटांत भरत होते.

“काका, पाकीट मिळालं. पण बिया कधी भाजल्या, ती तारीखच नाही त्यावर,” ठाण्याहून एक बाई बोलत होती.

“सोमवारी भाजल्या, ताई. तुमच्याकडं थंडी पडली काय?”

बोलणं वीस मिनिटं चाललं.

बायको गेल्यावर गोमाजींना सोबत होती ती गिऱ्हाइकांची. गिऱ्हाइकं पायरीवर बसून कॉफी पीत आणि मगच बिया घेत. मुलीनं मोबाइलवरून विक्री सुरू केली, माल दुप्पट खपू लागला आणि दारात येणारं कोणी उरलं नाही. एकदा तारीख लिहायची राहिली, तर दिवसभरात तीन फोन आले. तेव्हापासून गोमाजी रोज विसरू लागले.

दुपारी नागपूरहून मुलगी करवादली, “बाबा, तारीख टाकाले काय होते तुमाले? लोक माल शिळा समजून परत पाठवतात! शिक्का पाठवला मी, तो मारत जा.”

शुक्रवारी शिक्का आला. गोमाजींनी अकरा पाकिटांवर तो नीट उमटवला. बारावं तसंच बंद केलं. ते सध्या कोल्हापूरच्या वाटेवर आहे.