वळलेली करंगळी

माझी पणजी, तिची लेक म्हणजे माझी आजी, आणि आजीची लेक म्हणजे माझी आई. तिघींचीही उजवी करंगळी आत वळलेली होती. त्या करंगळीची आता मी एकटीच वारसदार. माझ्या मुलांची बोटे बापासारखी सरळ.

मी लहान असताना भर गर्दीत आईने माझा हात सोडला. “इथेच थांब, आलेच,” म्हणाली आणि कधीच परतली नाही.

मुलांच्या संग्रहालयात नातीने मला खिळ्यांच्या भिंतीपुढे उभे केले. एका बाजूने हात दाबला की बोथट खिळे सरकून पलीकडे हाताचा आकार उमटतो.

“आजी, दाब जोरात! मी पलीकडून बघते. पर्स ठेव गं, कोणी पळवत नाही!”

“हुकूम कोणाला सोडतेस?” मी दटावले आणि हात टेकला.

खिळे माझ्याच दिशेने परत सरकू लागले. एका बाईचा हात उमटला. करंगळी आत वळलेली.

“पुरे झाली थट्टा. हात काढ.”

“मी लावलाच नाहीये, आजी. इकडे कोणीच नाही.”

खिळ्यांची ती गार बोटे माझ्या बोटांत गुंफली गेली. मी हात ओढून पाहिला; सुटेना.

या खेपेस आई सोडणार नव्हती. ‘आलेच’ म्हणाली होती, ते देणे आज पुरते फिटले होते.