नवऱ्याचं चालत नाही

दगाने सदऱ्याची बाही दंडापर्यंत चढवली होती. प्रज्ञाने ती हळूच खाली ओढली.

"काका, तुमचं चालणार नाही."

"का? गट तर जुळतो. काल तुमच्याच माणसानं सांगितलं."

"रक्तगट जुळतो. पण उषाबाईंचं अंग तुम्हाला ओळखतं."

प्रज्ञा रक्तपेढीत दात्यांशी बोलायचं काम करायची. तिने दगाला खुर्चीत बसवलं. त्याच्या बायकोला रक्ताचा कॅन्सर होता. औषधांनी प्लेटलेट्स तळाला गेल्या होत्या आणि वरून दिलेल्या टिकत नव्हत्या. बमरोलीच्या यंत्रमाग कारखान्यातले दगाचे सोबती कामाची पाळी बुडवून एकेक करून देऊन गेले. पिशवी चढायची, आणि तपासलं की आकडा होता तिथेच. आज तर हिरड्यांतून रक्त थांबत नव्हतं. अंगावर नुसतं बोट टेकलं तरी निळा डाग उठायचा.

"तुमची तीन मुलं त्यांच्या पोटात वाढली," प्रज्ञा म्हणाली. "मुलांमध्ये अर्धा अंश तुमचा. तो त्यांच्या शरीराला परका वाटला आणि शरीरानं तो लक्षात ठेवला. आता तसलं काही आत आलं की ते मोडून टाकतं. म्हणून बाकीच्यांचंही टिकलं नाही. तुमचं तर मुळीच टिकायचं नाही."

दगा आपल्या दंडाकडे बघत राहिला.

"पोरं माझी," तो म्हणाला, "अन् मीच परका?"

प्रज्ञाने पुढ्यातली दात्यांची यादी उघडली. "उषाबाईंच्या भावाचंही जुळलं नाही," ती म्हणाली. "पण त्यांच्या अंगाला चालेल असा एक मुलगा सापडलाय. चलथाणला साखर कारखान्यात आहे. निघालाय तिथून."

लोकेश आला तो हातात हेल्मेट घेऊन. उंच, सडपातळ. कॉलेजच्या रक्तदान शिबिरात त्याने कधीतरी नाव नोंदवलं होतं, त्यानंतर आज पहिल्यांदाच बोलावणं आलं होतं. सगळ्यांकडे बघून तो जरा जास्तच हसत होता. सुई टोचली तेव्हा त्याने डोळे गच्च मिटले.

नातेवाइकांनी बाहेर थांबायचं होतं; पेशंट कोण ते दात्याला कळू द्यायचं नाही, असा नियम होता. दगा काचेच्या दारापाशी उभा राहिला. यंत्र पोराचं रक्त ओढून घेत होतं, फिरवत होतं, त्यातल्या प्लेटलेट्स बाजूला काढून उरलेलं त्याला परत देत होतं. वर टांगलेल्या पिशवीत फिकट पिवळं काहीतरी फार सावकाश जमत होतं.

निम्म्यावर आल्यावर लोकेशचे ओठ झिणझिणायला लागले. मग दात वाजू लागले. प्रज्ञाने त्याला कॅल्शियमची गोळी दिली, यंत्राचा वेग कमी केला.

"असं होतं कधीकधी. थांबवायचं का? जबरदस्ती नाही."

दगाला सगळं ऐकू येत होतं. दाराच्या मुठीवरचा त्याचा हात घट्ट झाला.

"थांबवलं तर?" लोकेशने विचारलं.

"मग ही पिशवी पुरायची नाही."

लोकेशने वरच्या पिशवीकडे पाहिलं. "मग चालू द्या," तो म्हणाला.

प्रज्ञाने एका हाताने त्याचा दंड धरला होता. तिने मान वळवली. "काका, ती चादर आणा इकडे!"

दगा आत गेला. त्याने चादर पांघरली, कडा नीट खाली खोचल्या. पोर उंच, पावलं बाहेरच राहिली. बर्फासारखी गार होती. दगा स्टूल ओढून बसला, दोन्ही पावलं मांडीवर घेतली आणि चोळू लागला.

"अरे काका, रहेवा दो! पाय नका धरू."

"पडून राहा. सुई हलेल."

थोड्या वेळाने दात वाजायचे थांबले. लोकेशने मान जराशी उचलली. "तुम्ही इथेच कामाला?"

प्रज्ञाने दगाकडे पाहिलं. दगा खाली मान घालून "हं" म्हणाला.

"पेशंट कोण आहे, माहीत आहे?"

"एक बाई आहे. तीन लेकरांची आई."

"आणि नवरा?"

"आहे की." दगाचे हात चालूच होते. "नवऱ्याचं चालत नाही म्हणे."

"बिचारा," लोकेश छताकडे बघत म्हणाला. "कसं स्वस्थ बसवत असेल त्याला!"

पिशवी भरली. लोकेशने फ्रूटी प्यायली, थोडा वेळ डोळे मिटून पडून राहिला, मग हेल्मेट उचललं. पुन्हा लागलं तर फोन करा, असं त्याने प्रज्ञाला सांगितलं. दाराशी वळून त्याने गुजरातीत निरोप घेतला. "चलो काका, आवजो." दगाने नुसता हात वर केला.

पिशवी चढल्यावर उषाबाईचं रक्त पुन्हा तपासायला गेलं. प्रज्ञा स्वतः वॉर्डात सांगायला आली. "वाढल्या, काका. पहिल्यांदाच वाढल्या." मग सावरून म्हणाली, "अजून बऱ्याचदा लागतील. पण वाढल्या."

हिरड्यांतलं रक्त थांबलं होतं. दगा ओल्या कापसाने बायकोचे ओठ पुसत होता, तेव्हा तिने डोळे उघडले. घरच्या अहिराणीत तिने विचारलं, "तुम्हीन दिधं का?"

"नही. मनं चालत नही. चलथाणना एक पोऱ्या उना व्हता."

"आपला कोन लागस तो?"

दगाने कापूस पुन्हा पाण्यात बुडवला.

"त्याले थंडी वाजनी व्हती," तो म्हणाला.