तीन नंबरच्या प्रेसशेजारी

“हे आकडे तर वाचनालयातले वाटतायत!” कारखान्यातला आवाज तपासायला आलेल्या डॉक्टरीणबाई चष्मा कपाळावर सरकवत म्हणाल्या.

जेवणाची सुट्टी होती, मशिनं बंद होती. पत्रा ठोकणाऱ्या प्रेसवरच्या बायकांनी आठवडाभर खिशात मोबाइल बाळगायचा, त्यानं कानावर पडणारा आवाज मोजायचा, आणि तो हद्दीबाहेर गेला तर मालकांनी मशिनांना आवाज अडवणारी झाकणं बसवायची, असं ठरलं होतं. आज तो आठवडा भरला होता.

मालक खूश झाले. सुपरवायझर तर फुगलाच. “मी सांगत नव्हतो? या बायकांना कुरकुरायची सवयच आहे. आणि सगळ्यांत पुढे ही बहिरी.”

बहिरी म्हणजे तीन नंबरच्या प्रेसवरची बाई. डावा कान कामातून गेलेला, उजव्यात सतत शिट्टी. कालच नात गळ्यात पडून काहीतरी गुपित सांगून गेली आणि हिनं नुसती मान डोलावली. आग लागो असल्या जिण्याला! समोरच्या माणसाला कच्चा खावा असं तिला वाटत होतं.

‘तेलानं खराब होतील’ म्हणत रोज सकाळी या सुपरवायझरनंच सगळे मोबाइल गोळा करून आपल्या काचेच्या केबिनमध्ये कोंडले होते. बाकीच्या बायका डॉक्टरीणबाईंना सांगायला निघाल्या, तेव्हा हिनंच त्यांना अडवलं. सांगून काय, तो साफ नाही म्हणाला असता आणि मालकांनी त्याचंच खरं मानलं असतं.

“चुकलंच आमचं, मालक,” ती पुढे झाली. “इतकी शांतता, आणि आम्ही उगाच बोंब मारली. पण मग साहेबांना ती बंद केबिन तरी कशाला? आम्हाला कपडे बदलायला जागा नाही, ती आम्हाला द्या. साहेबांचं टेबल माझ्या प्रेसशेजारी मांडा. कामावर लक्षही राहील.”

“अरे, हे छान!” मालक म्हणाले. “आत्ताच मांडा.”

“पण साहेब, तिथं...” सुपरवायझरचा चेहरा खाडकन उतरला.

“तिथं काय?”

आवाज म्हणावा, तर आठवडाभराची लबाडी उघडी पडणार. “काही नाही,” तो पुटपुटला.

डॉक्टरीणबाईंनी आधी त्याच्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. काय समजायचं ते त्या समजल्या. त्यांनी एक मोबाइल त्याच्या शर्टाच्या खिशात सरकवला आणि वरून बटण लावलं. “आता आठवडाभर तुम्ही मोजा. बाहेर काढायचा नाही हं.”

टेबल आलं, खुर्ची आली. सुट्टी संपली. मालक कौतुकानं जिन्यात उभे राहिले.

तिनं पेडलवर पाय दिला. पहिल्या ठोक्याला तो खुर्चीतून उडालाच. दुसऱ्या ठोक्याला त्यानं दोन्ही तळवे कानांवर गच्च दाबले. तिला इतकं बरं वाटलं, इतकं बरं, की कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

तिनं पाय उचलला आणि त्याच्याकडे वाकली.

“हात खाली घ्या, साहेब. मालक बघतायत.”