दुसरा शेवट

“दुसरा शेवट हवा असेल त्यांनी हात वर करा,” निवेदिका म्हणाली आणि अख्खं नाट्यगृह हातांनी भरून गेलं.

लोकशाहीवरची ही नवी रचना माझी, संचालनही माझंच. साठ गायक, बावीस वादक. शेवट श्रोत्यांनी मत देऊन निवडायचा, ही कल्पनाही माझीच. पहिला शेवट नगाऱ्यांचा, तुताऱ्यांचा. दुसऱ्यात सगळी वाद्यं थांबतात आणि फक्त माणसं गातात. तो कोणी मागणार नाही याची मला इतकी खात्री होती, की गायकांच्या कागदांमागे तो छापून दिला, पण त्याची एकही तालीम घेतली नाही. मतदान नुसतं शोभेपुरतं होतं.

गायकांच्या पहिल्या रांगेत पोस्टातून निवृत्त झालेल्या खरातबाई उभ्या होत्या. मी त्यांच्याकडे वाकून पुटपुटलो, “पहिलाच घेऊ. तांत्रिक अडचण आहे म्हणून सांगतो लोकांना.”

बाईंनी कागद उलटला. त्यावर पेन्सिलीच्या खुणाच खुणा होत्या.

“दुसराच घ्या, सर. तालमीनंतर तुम्ही गेल्यावर आम्ही रोज अर्धा तास थांबायचो.”

“मला का नाही सांगितलंत?”

“त्यात काय सांगायचं? लोकांना विचारणार म्हणालात, म्हणजे दोन्ही यायलाच हवेत ना.”

मागे उरलेले एकोणसाठ कागद उलटल्याची सळसळ झाली. वादकांनी वाद्यं बाजूला ठेवली. नाट्यगृहातले हात एव्हाना खाली आले होते.

मग मी माझा वर केला.